भर पावसात कोरडा

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक, म्हणजे पाऊस मोजणारे यंत्र. पाऊस अंगावर घेणे एवढेच माझे काम. तरीही एकदा चहूकडे मुसळधार कोसळत असताना माझ्या आत टिपूसही आला नाही. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. माझ्या तोंडाची पितळी कड घासताना कारागीर ती पुन्हा पुन्हा मापून बघायचा. "तोंड वाकडं, तर मोजणी वाकडी," असे तो म्हणे. माझ्या पोटात एक झुलता चमचा आहे. पावसाच्या पाण्याने भरला की तो कलंडतो, रिकामा होतो आणि पुन्हा भरू लागतो. प्रत्येक कलंडण्याची खबर तारेवरून खाली शहरातल्या हवामान कचेरीत पोहोचते.

मला टेकडीवर, पाण्याच्या टाकीच्या आवारात बसवले. टेकडीवरून एक ओढा उतरतो आणि शहरातल्या खालच्या गल्लीला खेटून वाहतो. वर किती पाऊस झाला हे कळले, तरच त्या गल्लीला वेळेवर सावध करता येते.

कचेरीत अंदाज सांगणाऱ्या बाईंना सगळे हवामानबाई म्हणत. "बाई ऊन म्हणाल्या, छत्र्या काढा रे!" अशी त्यांची थट्टाही होई. माझ्याजवळ आल्या की त्या मान वर करून ढग वाचत. उंचावरचे पिंजलेल्या कापसासारखे ढग बर्फाच्या कणांचे असतात, ते आपल्याला भिजवत नाहीत. आभाळभर पसरलेला करडा थर संथ रिपरिप आणतो. आणि जो मनोऱ्यासारखा वाढतो, ज्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो, त्या ढगाशी खेळ नको. तो एका टेकडीला झोडपतो आणि शेजारी ऊन ठेवतो. हे सारे मी बाईंकडूनच शिकलो.

मधली काही वर्षे माझ्याकडे कोणी फिरकले नाही. गाळणीत पाने कुजली, कडेवर कावळ्यांनी रंगकाम केले. तपासणीला आलेले साहेब ते पाहून संतापले. टाकीवर नुकतेच लागलेले पहारेकरी काका समोर सापडले. "महागाची वस्तू आहे! नीट सांभाळा. खराब झाली तर जबाबदार तुम्ही," एवढे बजावून साहेब गेले. मी कशासाठी आहे, हे सांगायचे मात्र राहिले.

काकांनी मला घासूनपुसून लख्ख केले. किती बरे वाटले म्हणून सांगू!

एका दुपारी टेकडीमागे काळा मनोरा चढू लागला. काका धावत आले. त्यांनी माझ्यावर एक मोठी बादली उपडी घातली आणि वर दगड ठेवला. "आता कसा भिजतोस बघू," असे म्हणत ते समाधानाने खोलीत गेले.

मी सुन्न झालो. डोक्यावर बादली तडतडत होती आणि आत चमचा ढिम्म. माझी तार कचेरीला सांगत होती, पाऊस शून्य. मी धडधडीत खोटे बोलत होतो आणि मला गप्पही बसता येत नव्हते.

कचेरीत काय चालले होते, ते बाईंनी पुढे माझ्याशेजारी उभ्या राहून काकांना सांगितले. शहरात चक्क ऊन होते. "यंत्र शून्य म्हणतंय, बाई. उगाच गल्ली रिकामी करायला लावली तर लोक आपल्यालाच झोडतील," सहायक म्हणाला. पण खिडकीतून बाईंना टेकडीवरची ऐरण दिसत होती. त्यांनी टाकीवर फोन लावला.

"काका, वर पाऊस आहे का?"

"आहे का? आभाळ फाटलंय, बाई!"

"मग मापकात काहीच कसं येत नाही?"

"येईल कसं? झाकून ठेवलाय ना मी! एक थेंब आत जाऊ दिला नाही. साहेबांना सांगा बरं का."

बाई जवळजवळ ओरडल्याच.

"अहो काका, त्याच्यावरून खालच्या गल्लीला पुराचा इशारा जातो!"

काकांची लेक तान्ह्या बाळासह त्याच गल्लीत राहत होती.

काका भिजत धावत आले. त्यांनी दगड लोटला, बादली भिरकावली. "माझी पोर आहे रे तिथं," एवढेच ते माझ्याशी बोलले. माझा चमचा वेड्यासारखा कलंडू लागला. बाईंनी मात्र त्याची वाट पाहिली नाही. फोन ठेवताच त्यांनी गल्लीतला भोंगा वाजवायला लावला.

"ऊन पडलंय आणि म्हणे पूर!" असे शेजारीण म्हणेपर्यंत लेक बाळाला चादरीत गुंडाळून शाळेच्या जिन्यावर पोहोचली होती. तिच्या मागून सारी गल्ली वर चढली, कुरकुरत का होईना, शेजारीणसुद्धा. त्यांच्या पाठोपाठ ओढा गल्लीत शिरला. भांडी गेली, बिछाने गेले, लेकीच्या घराची भिंत गेली. माणसे तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी बाई सहायकाला घेऊन वर आल्या, तेव्हा काका माझी कड पुन्हा पुन्हा पुसत होते. "चूक तुमच्या एकट्याची नाही," त्या म्हणाल्या. "हा कशासाठी आहे, ते आम्ही तुम्हाला सांगितलंच नाही."

सहायकाने विचारले, "बादली होती तेवढ्या वेळाचं काय करू? शून्य ठेवू, की अंदाजाने आकडा भरू?"

"दोन्ही नको. 'माहीत नाही' असं लिही. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, यांत एका गल्लीचा फरक आहे."

मित्रांनो, एखाद्या वस्तूची काळजी घ्यायची असेल, तर आधी तिचे काम काय ते विचारा. माझ्या गाळणीतली पाने काढा, कड पुसा, जवळ झाड वाढू देऊ नका. मग आभाळ भरून आले की तुम्ही खुशाल घरात पळा. मला तेवढे उघड्यावर राहू द्या.