गाण्याच्या बाईंची मुदतवाढ

“पोरं आज नुसती रेकत होती हो. आणि बाई म्हणे, शाब्बास,” गणिताचे सर माझ्या कानाशी कुरकुरले. गाण्याच्या बाई त्यांच्या पलीकडच्याच खुर्चीवर चहा पीत होत्या. आवाज खाली करायची तशी गरज नव्हती, पण माणसाला सवय असते.

मी चित्रकलेची. माझ्या आणि गाण्याच्या खोलीत एकच भिंत. सरकारी नियम असा, की कलेची जागा एकदा रिकामी झाली की भरायची नाही. अनुदान बंद, तास बंद. शिवणाच्या बाई गेल्या आणि पंधरवड्यात त्यांच्या खोलीत मोडकी बाकं येऊन पडली. म्हणून निवृत्तीचं वय उलटलं तरी गाण्याच्या बाईंना आम्ही धरून ठेवलं होतं. तपासणीच्या दिवशी गणिताचे सर खिडकीबाहेर उभे राहून हाताने ‘वर, वर’ करायचे आणि मुलं सूर चढवायची. बाई पियानोच्या लाकडावर तळवा टेकवून बसायच्या, तापातल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकायची आणि मूग गिळून बसायची. बाईंनंतर नंबर माझाच होता.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. ते बाईंचेच विद्यार्थी. समोर खुर्ची ओढून, ओठ मोठे करत म्हणाले, “बाई, आणखी एक वर्ष काढा. एकच.”

“मागच्या वर्षीही एकच म्हणाला होतास.”

“वर बोलणं चाललंय. जागा भरू देतील म्हणतात.”

“तेही मागच्याच वर्षीचं.”

“असं काय करता बाई,” गणिताचे सर मध्ये पडले, तेही ओठ मोठे करून. “झकास चाललंय तुमचं. काय गातात पोरं!”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, दिवसभराची धुणी उरकलेल्या बाईने आणखी एक चादर बघावी, तसं. कप बशीत ठेवताना खणकन आपटला. आम्ही दचकलो, त्या नाही.

“गुडघे दुखतात म्हटलं, तर तुम्ही तेल आणून दिलंत,” त्या म्हणाल्या. “घर लांब पडतं म्हटलं, तर गाडी लावलीत. माणसं चांगली आहात, म्हणून तोंड उघडवत नव्हतं. दोन वर्षं झाली, मला ऐकू येत नाही. पोरं कशी गातात, मला ठाऊक नाही. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.”