गप्प केलेली व्हॅन

सोफेवाल्या बाईंची व्हॅन जुनी होती, हे सांगायला कुणी जाणकार लागत नव्हता. घेतली तेव्हाच तिचा मूळ रंग कोणता यावर नवरा-बायकोचा वाद झाला होता, आणि तो अजून मिटलेला नव्हता. सरकता दरवाजा फक्त आतून उघडायचा, खाली गेलेली काच वर यायला आढेवेढे घ्यायची आणि डावीकडे वळताना हॉर्न आपण होऊन वाजायचा. तरी बाईंचा तिच्यावर भारी जीव. व्हॅन येण्याआधी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत दिवसभर शिलाई मशीनवर बसून सोफ्यांची कव्हरं शिवायच्या, आणि मान वर केली की समोर भिंत. व्हॅन आल्यापासून जुने सोफे आणणं आणि नवे करून पोचवणं त्यांच्याकडे आलं होतं. स्टेअरिंगवर बसल्या की त्या गुणगुणायला लागायच्या.

नवऱ्याला त्या 'अहो' म्हणायच्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना अहोच म्हणायची. अहोंना गाडी चालवता येत नव्हती. त्यांचा सगळा जीव फोममध्ये. कुठलीही गोष्ट कुरकुरली की तिच्यात काहीतरी भरायचं, एवढं एकच शास्त्र त्यांनी जन्मभर केलं होतं आणि सोफ्यांच्या बाबतीत ते कधी चुकलं नव्हतं.

व्हॅन आली त्या पहिल्या आठवड्यात बाई सहज बोलून गेल्या होत्या, "काय बाई ही खुळखुळ! कान किटले." त्या बोलल्या आणि विसरल्या. अहो विसरले नाहीत. त्यांनी दरवाज्यांच्या पोटात फोम भरला, सीटखाली लोकरीचा जाड नमदा घातला, मागच्या पत्र्याला आतून जाड अस्तर लावलं. वाजलं की भर, वाजलं की भर, असं करत करत व्हॅन इतकी गप्प झाली, की बाई दारात येऊन उभ्या राहिल्या तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही. अहोंना कोण अभिमान!

आणि मग उन्हाळ्यात व्हॅन तापायला लागली. नव्या वसाहतीचा चढ लागला, की काटा लाल पट्ट्यात आणि बॉनेटमधून वाफ. गॅरेजवाल्या मेकॅनिकने उकळणारं पाणी पाहिलं आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. "रेडिएटर असेल. वॉटर पंप असेल. हेड गॅस्केट उडालं असेल तर मग विचारूच नका. उघडल्याशिवाय कळायचं नाही वहिनी, पण उघडायलाच बरेच पैसे लागतील. तेवढ्या पैशात दुसरी जुनी व्हॅन येईल."

"विकून टाकू," अहो म्हणाले. "लागेल तेव्हा भाड्याचा टेम्पो बोलावू."

बाईंनी मागच्या खोलीत जाऊन शिलाई मशीनवरची धूळ पुसली, समोरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि त्यांना रडूच कोसळलं.

रविवारी नर्सरीचा एक रोपवाला गाडी बघायला येणार होता. सकाळी बाई बाहेर आल्या, तर अहो व्हॅनमधून फोम उपसत बसलेले. फुटपाथवर हा ढीग.

"हे काय चाललंय?"

"पहिल्या प्रतीचा माल आहे," अहो म्हणाले. "त्या रोपवाल्याला फुकट का द्यायचा?"

रोपवाला आला. बाईंनी आधीच सांगून टाकलं, "चढावर तापते हं. नंतर म्हणाल फसवलं."

"मग चढावरच न्या ताई, बघू तरी."

गाडी सुरू झाली आणि गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. दरवाजे खडखडत होते, सीट कण्हत होती, मागचा पत्रा तर टाळ्याच पिटत होता. चढ आला. बाईंनी श्वास रोखला. काटा अर्ध्यावर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी नखाने काचेवर टकटक केली. काटा ढिम्म. गाडी वर पोचली, तरी वाफ नाही, वास नाही, काही नाही.

"आणखी एकदा जाऊन बघू या," बाई म्हणाल्या, आणि रोपवाल्याने मान डोलवायच्या आत त्यांनी गाडी वळवलीसुद्धा. दुसऱ्यांदाही काटा तिथेच. बाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. परतीला चांगला रस्ता सोडून त्यांनी मुद्दाम खड्ड्यांचा धरला.

"ताई, ही गाडी आहे की भांड्यांचं दुकान?" रोपवाल्याने वरची कडी घट्ट धरली होती.

"अजून डावीकडे वळलो नाही आपण," बाई आनंदाने म्हणाल्या.

रोपवाला दुकानापाशी उतरला आणि त्याने हात जोडले. "माझी रोपं वाटेतच माना टाकतील." चहा घ्यायलाही तो थांबला नाही.

बाई तडक फोमच्या ढिगाकडे गेल्या. "अहो, पुढच्या जाळीच्या मागे काय होतं?"

अहोंनी नमद्याचा एक जाड तुकडा उचलला. एका अंगाला धूळ, दुसऱ्या अंगाला रेडिएटरचा छाप. "उन्हाळ्याच्या तोंडाला जाळी फार वाजत होती, म्हणून मी..."

"आणि रेडिएटरला वारा कुठून लागणार?"

अहोंनी तुकड्याकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. "तुझे कान किटले होते ना," ते म्हणाले.

"अहो, ते पहिल्या आठवड्यात!"

"मग आता वाजली तरी चालेल, असं तू कधी म्हणालीच नाहीस."

बाईंना संताप आला होता, चांगला खणखणीत. पण त्या एवढ्याशा झालेल्या माणसाकडे बघता बघता त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या फोमच्या ढिगावरच बसल्या.

मेकॅनिकने गाडी एक फेरी फिरवून आणली. "तापण्याचं काही नाही आता. पण मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग ओरडतंय. ते ताबडतोब बदला, नाहीतर चाक निखळेल एखाद्या दिवशी. स्वस्तात होईल. मला कळत नाही वहिनी, एवढा आवाज तुम्हाला आधी ऐकू कसा आला नाही?"

अहो छताकडे बघत राहिले.

"ऐकलंत?" तो गेल्यावर बाई म्हणाल्या. "तिला बोलू द्या. काय दुखतंय ते तीच सांगते मला."

पुढच्या खेपेला अहो बाईंच्या शेजारी बसले. चढाच्या पायथ्याशी डॅशबोर्डमधून नवीच किरकिर सुरू झाली. अहोंचा हात हळूच खिशात गेला आणि फोमचा एक तुकडा बाहेर आला. रस्त्यावरची नजर न काढता बाईंनी हात पुढे केला. अहोंनी मुकाट्याने तुकडा दिला, आणि बाईंनी तो आपल्या कमरेमागे ठेवला.

"इथे कमी होता," त्या म्हणाल्या आणि डावीकडे वळल्या. हॉर्न वाजला.