खुरांच्या रोगांमागचे पाच खंड

विभागात त्याला सगळे काका म्हणत. वय चाळिशीचं, पण पीएचडीच्या मुलांमध्ये चाळिशी म्हणजे म्हातारपणच. जर्मन साहित्यातल्या एका विसरल्या गेलेल्या कादंबरीकार बाईंवरचा त्याचा प्रबंध इतका रखडला होता, की मार्गदर्शक सरांनी विचारणंही सोडून दिलं होतं. बाईंचं समग्र लेखन पाच खंडांत होतं, विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकुलता एक संच. काकाचा जीव त्या संचात अडकला होता.

पुस्तक घरी न्यायचं तर नावावर नोंद व्हायची. नोंद झाली की दुसरा कुणी मागणी लावू शकायचा, आणि मागणी लागली की पुस्तक परत. काकाने यावर तोड काढली होती. तो काही नावावर घ्यायचाच नाही. दिवसभर खिडकीजवळच्या टेबलावर वाचायचा आणि निघताना पाचही खंड वरच्या मजल्यावर, गुरांच्या खुरांच्या रोगांवरच्या ग्रंथांमागे सरकवून द्यायचा. तिकडे चिटपाखरू फिरकत नसे. कादंबरीकार बाई खुरांच्या रोगांत सुखाने नांदत होत्या. बाकीचे कोश, समीक्षेची पुस्तकं मात्र तो वाचून झाली की आपल्या हातांनी फळीवर जागच्या जागी लावायचा. पसारा ठेवून जाणं त्याला असभ्य वाटे.

मग सरांकडे एक नवी मुलगी आली. हुशार, घाईची.

"काका, ते पाच खंड पाहिलेत का हो कुठे? कॅटलॉगमध्ये आहेत, फळीवर नाहीत."

"नाहीत ना? मीही शोधून दमलो."

"मग तुमचं काम कशावर चाललंय?"

"जुनी टिपणं आहेत."

"झेरॉक्स काढू द्याल?"

"माझं अक्षर मलाच लागत नाही बाई, तुला काय लागणार!"

ती हसली. काकाही हसला. पुढे कित्येक दिवस ती काउंटरवर खेटे घालत राहिली आणि शेवटी विषय बदलून दुसऱ्या सरांकडे गेली. त्या दिवशी काका दोन घास जास्त जेवला. ज्या बहिणीच्या घरी तो राहत होता, ती ताई म्हणाली, "आज स्वारी खूश दिसतेय. संपला की काय प्रबंध?"

"संपेल," काका म्हणाला. "आता आड येणारं कुणी नाही."

पुढच्याच महिन्यात ग्रंथालयाच्या दारावर सूचना लागली. जर्मन पुस्तकांच्या विभागाचा वापर होत नसल्यामुळे तो बंद करण्यात येत आहे. काका तसाच ग्रंथपालबाईंपुढे जाऊन उभा राहिला.

"बाई, मी रोज येतो हो. तुम्ही पाहता मला."

"पाहते की. तुमची खुर्चीसुद्धा कुणाला देत नाही मी."

"मग?"

"माझं पाहणं समितीला चालत नाही, काका. नोंद लागते. एक तर घरी नेलेलं पुस्तक, नाहीतर टेबलावर सोडून गेलेलं. संध्याकाळी आम्ही ती उचलतो तेव्हा वापर म्हणून धरतो. 'पुस्तके स्वतः फळीवर ठेवू नयेत' ही पाटी काय शोभेला लावलीय?"

काकाला वाटत आलं होतं, ती पाटी वेंधळ्या पोरांसाठी आहे.

"कुणीच काही मागितलं नाही इतक्या वर्षांत?"

"मागितलं ना, त्या मुलीने. तेवढीच एक मागणी घेऊन भांडले मी समितीत. पण संच सापडेना, हरवला म्हणून नोंदीतून काढावा लागला. ते म्हणाले, एकच वाचक, आणि तिलाही द्यायला पुस्तक नाही. मग विभाग ठेवायचा कशाला?"

काका वर गेला आणि पाच खंड छातीशी धरून खाली आला. शर्टाला धूळ लागली होती. ग्रंथपालबाईंनी आधी खंडांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कुठे होते, हे त्यांनी विचारलं नाही.

"ती पोर रडली होती इथे," एवढंच म्हणाल्या.

"माझ्या नावावर करा, बाई. आजच. कोश, समीक्षा, सगळंच करा."

"त्यांचे गठ्ठे बांधले, रद्दीत चाललेत. विभाग बंद, म्हणून नावावर होत नाहीत; नोंदीतून रद्द झाल्याशिवाय कुणाला देऊन टाकता येत नाहीत, आणि रद्द झाल्यावर ते ठेकेदाराचे." त्यांनी एक खंड नोंदीच्या यंत्राखाली धरला, यंत्र गप्पच राहिलं. "हे मात्र न्या. आमच्या लेखी हे अस्तित्वातच नाहीत."

"परत कधी करायचे?"

"कशाला? कोण मागणार आहे आता?"

ताईने दार उघडलं. "अरे वा, घरी आणू दिले वाटतं शेवटी! आता तरी प्रबंध हातावेगळा कर बाबा."

काकाने पहिला खंड उघडला. पहिल्याच पानावर बाईंच्या खेड्यातल्या बोलीतला तो शब्द होता, त्याला कधीच पाठ न होणारा. त्या बोलीचा कोश ग्रंथालयात समोरच्या भिंतीशी, खालून दुसऱ्या फळीवर असायचा. तो सवयीने उठला आणि दारापाशी जाऊन थांबला.

"आता कुठे निघालास?" ताईने आतून विचारलं.