हातभर जागा

"शेळ्यांना काय कळतंय वहिनी, कुणाचा पालक नि कुणाचा कोबी? एवढं जिवाला लागत असेल तर घाला कुंपण!" दीर काडीने दात कोरत म्हणाले. "आणि घालताना माझ्या जागेत पाय पडता कामा नये. आधीच सांगून ठेवतो."

दिरांच्या शेळ्यांनी तुडवलेल्या वाफ्यांवरून आयाबाईंनी नजर फिरवली. उभा जन्म हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात गेला, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना आयाबाईच म्हणे. सासऱ्यांनी परसाचे दोन भाग करून दोन्ही मुलांना दिले होते. नवरा गेल्यावर एवढा भाजीचा तुकडा आणि पेन्शन, हाच त्यांचा आधार. तारेचं कुंपण त्या पेन्शनीत कुठलं बसायला!

हॉस्पिटलच्या मागे मोडक्या लोखंडी खाटा गंजत पडल्या होत्या. स्टोअरकीपर म्हणाला, "न्या की आयाबाई. भंगारवालासुद्धा नाक मुरडतोय."

हातगाडीवरून खाटांचे उशाकडचे कठडे घरी आले. आयाबाईंनी एकेक ओळखला. एकाच्या दांडीवरचा रंग पार गेलेला. अडलेल्या बाळंतिणी तीच दांडी घट्ट धरायच्या.

खड्डे खणायला जुना वॉर्डबॉय आला. कुंपणासाठी ताणलेली दोरी बघून तो थबकला. "आयाबाई, हद्दीपासून हातभर आत आली ही."

"मुद्दाम घेतलीय. उद्या पलीकडून रंग द्यायचा तर उभी कुठं राहू? त्यांच्या जागेत पाय नको."

"अहो, पण लिंबाचं झाड बाहेर जातंय!"

"जाऊ दे की. माझंच तर आहे ते."

ते लिंबू नवऱ्याने मुलाच्या जन्माच्या वर्षी लावलेलं. शेवटच्या आजारपणात अन्नाचा वास नकोसा झाला, तेव्हा त्याचंच पान चुरगाळून तो नाकाशी धरी.

कठडे ओळीने उभे राहिले. शेळ्या बाहेर राहिल्या, पालक वर आला. पावसाळा सरल्यावर आयाबाई रंगाचा डबा घेऊन पलीकडे निघाल्या, तर कुंपणाबाहेर सोडलेल्या हातभर पट्ट्याच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकलेल्या आणि दीर लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले.

"कुठं निघालात?"

"रंग द्यायला."

"कुंपण कुणी घातलं, वहिनी?"

"मी."

"मग हद्द तुम्हीच दाखवलीत. आतलं तुमचं, बाहेरचं आमचं."

"अहो, तुमच्याच शब्दाखातर आत घेतली मी दोरी!"

"असं कुणी आपण होऊन जागा सोडतं का?" मागून जाऊ हसली. "आम्हाला वाटलं, दवाखाना काढताय. खाटा आल्या, आता पेशंट कधी यायचे?"

आयाबाईंनी मुलाला फोन लावला.

"आई, हातभर जागेसाठी काय कोर्टात जायचंय?" तो म्हणाला. "काकांनी परवाच विचारलं होतं. मी म्हटलं, घ्या."

"घ्या म्हणालास?"

"तुझ्यामागं विकायचंच आहे ना सगळं?"

त्यांनी फोन ठेवला आणि पालकाला पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी दिरांनी लिंबू तोडलं. काटे नकोत म्हणून फांद्या कुंपणावरून अलीकडे, पालकावर टाकल्या. बुंध्याला शेळी बांधली. आयाबाई फांद्या गोळा करत राहिल्या. एक पान चुरगाळलं गेलं, तसा त्यांनी हात पदराला पुसून टाकला.

मग रंगाचा डबा उघडून त्या कठड्यापाशी खाली बसल्या. आतली बाजू झाली. बाहेरच्या बाजूसाठी त्यांनी दांड्यांमधून हात पलीकडे घातला आणि मनगट वळवून न बघता ब्रश फिरवायला लागल्या. उठवता न येणाऱ्या बायकांची पाठ चादरीखाली हात घालून त्यांनी अशीच पुसली होती.

"वहिनी," पलीकडून दीर म्हणाले, "हात."

आयाबाईंनी हात आत घेतला. ब्रश डब्याच्या काठावर निथळू दिला, झाकण बसवलं आणि बोटांना लागलेला रंग रॉकेलच्या चिंधीने नखांच्या कडांपर्यंत नीट पुसत बसल्या.