दोन चौथ्या खुर्च्या

सकाळी उठल्यावर मी आधी दिवाणखान्यातला आर्द्रतामापक बघते आणि मग कॉफी ठेवते. काटा खाली गेला असेल तर जिन्याखालून झारी आणायची आणि भिंतीकडेच्या पत्र्याच्या ताटांत पाणी ओतायचं. थंडीत त्या खोलीचं तापमान चौदा अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. हवा गरम आणि कोरडी झाली की लाकूड आकसतं, सांधे सुटतात आणि रंगाचे पापुद्रे उठतात. त्यामुळे मी घरात दोन स्वेटर घालून वावरते. पडदेही ओढलेले असतात. डिसेंबरात आमच्याकडे ऊन असतंच किती, पण असतं तेवढंही रंगाला चालत नाही.

खोलीत भिंतीला लागून बारा खुर्च्या आहेत. अठराव्या शतकातल्या, तिसऱ्या गुस्ताव राजाच्या काळातल्या. सरळ, सडपातळ, खाली निमुळते होत जाणारे खोबणीचे पाय, पाठीवर कोरलेली गव्हाची पेंढी. आजोबांनी त्या एका जहागिरीच्या लिलावात घेतल्या तेव्हा त्यांच्यावर पांढऱ्या तैलरंगाचे जाड थर होते. बाबांनी ते थर सुरीच्या पात्याने कोरडेच खरवडले. पाणी नाही, रसायन नाही. संध्याकाळभर बसलं की टपाल तिकिटाएवढी जागा मोकळी होते. खालून मोत्यासारखा करडा रंग वर आला. अशा अकरा खुर्च्या झाल्या. बारावी अजून पांढरीच आहे.

बाबा वसंतात गेले. अंत्यविधीनंतर चर्चच्या सभागृहात कॉफी पिताना माझ्या धाकट्या भावाने, तोर्केलने, विचारलं होतं की सगळं मार्गी लागेपर्यंत मी घरात राहीन का. मी "चालेल" म्हणाले. आमच्याकडे "चालेल" म्हटलं की प्रश्न मिटतो, पुन्हा कुणी तो काढत नाही. बाबांची इच्छा सगळ्यांना माहीत होती. खुर्च्यांची ताटातूट करायची नाही. तोर्केल गोथेनबर्गला राहतो आणि त्याच्या फ्लॅटच्या फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या जातात. "तिकडे त्या एका हिवाळ्यात मरतील," असं तो म्हणतो. घरातल्या वयस्कर माणसांबद्दल बोलावं तसं.

मी रसायनशास्त्र शिकले आणि नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत नळाचं पाणी तपासत आले. नोव्हेंबरात पश्चिम किनाऱ्यावरच्या एका सागरी संशोधन केंद्राने मला बोलावलं. समुद्राच्या पाण्याची आम्लता कशी बदलते आहे, हे तिथे मोजायचं आहे. तरुणपणी मला हेच करायचं होतं. राहायला केंद्राचीच एक खोली, खिडकीबाहेर खडक आणि पाणी. डिसेंबरच्या मध्यातल्या एका सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मी फोन हातात घ्यायचे, आणि ताटांत पाणी कोण ओतणार हा प्रश्न पडला की खाली ठेवायचे.

सरळ "मला जायचंय" असं मला म्हणता येईना. म्हणून मी पुरावा शोधू लागले.

बारावी खुर्ची मी उलटी केली. जुने सुतार बैठक आणि सांगाडा यांची जोडी चुकू नये म्हणून दोन्हींवर पटाशीने रोमन आकडा कोरत. बारावीवर चार होता. मग मी बाकीच्याही उलट्या केल्या, तर आणखी एका खुर्चीवर चार. एका संचात दोन चौथ्या खुर्च्या असू शकत नाहीत. दोन सातव्याही निघाल्या. प्रत्येकीच्या आतल्या बाजूने मी मोहरीएवढा रंग काढला आणि त्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काहींत करड्याच्या खाली विटकरी रंग होता, काहींत हिरवट, काहींत नुसता गेरू. अतिनील दिव्याखाली तो करडा रंग पिवळसर चमकला, म्हणजे त्यात जस्त होतं. गुस्तावच्या काळी रंगात शिसं घालत, जस्त पुढच्या शतकात आलं. कुणीतरी तीन वेगवेगळ्या घरांतल्या खुर्च्या जमवून शंभर वर्षांनी त्या एका रंगात रंगवल्या होत्या. करडा दिसला की आमच्याकडे माणूस थांबतो. हाच अस्सल, असं त्याला वाटतं. बाबाही तिथेच थांबले होते.

मला हलकं वाटलं. जो संच कधी संच नव्हताच, तो मोडायला काय हरकत?

नाताळाआधीच्या, तिसऱ्या ॲडव्हेंटच्या रविवारी तोर्केल आणि त्याची बायको ईव्होन आले. बूट काढून तोर्केल आधी दिवाणखान्यात डोकावला आणि समाधानाने परत आला. आम्ही स्वयंपाकघरात बसलो, तिथल्या साध्या पाइनच्या खुर्च्यांवर. दिवाणखान्यात आमच्यापैकी कुणी कधी बसत नाही. मी तीन मेणबत्त्या लावल्या आणि केशराचे पाव ठेवले.

ईव्होनने कोट काढला नाही. "सिग्गन, तुझ्याकडे आलं की फ्रीजमध्ये बसल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "दूध बाहेर ठेवलंस तरी चालेल."

"म्हणून तर सगळं इतकं टिकलंय," तोर्केल म्हणाला. "सिग्गनसुद्धा."

मीही हसले. मग दोघांना दिवाणखान्यात नेलं, दिवे बंद केले आणि अतिनील दिवा खुर्च्यांवरून फिरवला. आकडे दाखवले, कापांचे फोटो दाखवले. जस्ताचं आणि शिशाचं समजावलं. इतकं सलग मी बऱ्याच महिन्यांत बोलले नव्हते. या तीन वेगवेगळ्या घरांतल्या आहेत, असं मी शेवटी सांगितलं आणि थांबले. पुढचं त्याने म्हणावं, असं मला वाटत होतं.

तोर्केल गुडघ्यावर बसून त्या दोन चारच्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिला. उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"कुणीतरी किती जीव लावून जुळवल्या असतील गं," तो म्हणाला. "तीन घरांतल्या उरलेल्या, सुट्या. त्यांना एकत्र आणून एक केलं. आता तर त्यांना वेगळं करणं पापच."

"आणि शोधलं कुणी? आपल्या सिग्गनने," ईव्होन म्हणाली. "बाबांनाही जमलं नाही ते. तुझ्याइतकं या खुर्च्यांना कोण ओळखतं आता?" बारावीच्या पाठीवर तिने हात ठेवला. "ही तेवढी पूर्ण कर. अगदी करड्यापर्यंत. हिवाळ्यात तुला दुसरं काय असतं?"

मी दिवा बंद केला. अंधारात आम्ही तिघं उभे होतो आणि भिंतीकडेला त्या बारा. क्षणभर मला धरून त्या तेरा वाटल्या.

स्वयंपाकघरात परत आल्यावर ताटात एकच पाव उरला होता. आमच्याकडे शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. ईव्होनने अर्धा कापून घेतला, अर्धा ठेवला. तोर्केलने त्याचा अर्धा घेतला. उरलेला तुकडा मधोमध पडून राहिला, त्यात एक मनुका. सगळे त्याच्याकडे न बघता बोलत होते. उन्हाळ्यात छपराला डांबर लावायला हवं, असं तोर्केल सांगत होता. तू माणूस बघशील ना, असं त्याने मला विचारलं.

मी तोंड उघडलं आणि "चालेल" हा शब्द तिथे तयार होता. वर्षानुवर्षं तो तिथेच असतो, जिभेच्या टोकाशी.

मी हात पुढे केला, तो तुकडा उचलला आणि खाल्ला.

दोघं बोलायचे थांबले. पाव शिळा होत आला होता, चावायला वेळ लागला. त्या वेळात मी वाक्य मनात नीट लावून घेतलं.

"मला किनाऱ्यावर नोकरी मिळाली आहे. उद्या मी हो म्हणणार आहे. मला इथे राहायचं नाही, तोर्केल. तेव्हाही राहायचं नव्हतं."

तो ताटाकडे बघत राहिला. "तेव्हा तू चालेल म्हणाली होतीस."

"हो."

"मग आम्हाला कसं कळणार?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. ईव्होनने कोटाची बटणं वरपर्यंत लावली. तोर्केल हळू आवाजात म्हणाला की ठीक आहे, नक्कीच, चांगलीच गोष्ट आहे. मग विचारलं, किती दिवसांसाठी?

मी उठून जिन्याखाली गेले आणि झारी घेऊन आले. ती सकाळीच भरलेली होती, जड होती. मी ती त्याच्या पायाशी ठेवली.

"सकाळी कॉफीच्या आधी काटा बघायचा," मी म्हणाले. "पन्नासच्या खाली असला तर तिन्ही ताटं भरायची."

तोर्केलने झारीकडे पाहिलं, मग दिवाणखान्याच्या बंद दाराकडे. आणि ईव्होन अगदी हळू म्हणाली, "चालेल."