अर्ध्या ओळीचं उत्तर

बायको प्रतिभा गेल्याचं चुडामणला कळलं तेव्हा तो शहाद्याच्या बाजारात पपईचा टेम्पो रिकामा करत होता. ब्राह्मणपुरीहून शेजारचा ललित मोटारसायकलवर आला. स्टँड लावायचंही त्याला सुचलं नाही. गाडी तशीच आडवी पडली.

"दादा, घर चाल. वहिनीले नवनीतनी पहार मारी."

"कितलं लागनं तिले?"

ललितनं त्याच्या हातातली पपईची पाटी काढून खाली ठेवली. चुडामणला पुढचं विचारावं लागलं नाही.

नवनीत त्याचा सख्खा धाकटा भाऊ. विहीर एक, वाटे दोन, पाण्याची पाळी ठरलेली. त्या सकाळी पाळीवरून बोलाचाली झाली. प्रतिभा मागे हटणारी नव्हती आणि नवनीतच्या हातात पहार होती. चुडामण पोचला तेव्हा ती सरीतल्या पाण्यात पालथी पडली होती. कवटी मागून फुटलेली. पाणी कोणी बंद केलं नव्हतं. ते लाल होऊन भावाच्या वाट्यात शिरत होतं. नवनीत उसात पळाला होता.

बापानं येशूचं नाव घेतल्यापासून या घराची संध्याकाळ प्रार्थना चालवणाऱ्या अनुसयाबाईंच्या ओसरीवर जायची. तिथे दोन रांगा समोरासमोर बसत आणि स्तोत्रं म्हणत. एका रांगेनं अर्धी ओळ म्हणायची, मग सगळ्यांनी एक श्वास गप्प राहायचं, मग समोरच्या रांगेनं ओळ पुरी करायची. "देवले बोलाले तितलीच जागा मिळस," अनुसयाबाई म्हणत. नवनीतला तो श्वास कधी जमला नाही. तो आधीच उत्तर देऊन टाकायचा, आणि प्रतिभा हसायची. "भाऊजी, देव काय एसटी शे का? निंघी नही जावाव!"

स्तोत्रं क्रमानं चालत. एकही गाळायचं नाही, कडू असलं तरी. प्रतिभाला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी पाळी आली ती शापाच्या स्तोत्राची. वैऱ्याची लेकरं पोरकी होवोत, त्याची बायको रांडाव होवो, असं त्यात आहे. रांगा अडखळल्या. चुडामणचा आवाज मात्र चढत गेला. शेवटी तो एकटाच म्हणत राहिला आणि म्हणता म्हणता उठला.

"चुडामण, बस," अनुसयाबाई म्हणाल्या. "शाप देवना पदरमा टाकाना ऱ्हास. आपला हातमा ठेवाना नही."

"मन्हा हातमा कोयता शे, बाई."

ललितनं त्याचा दंड धरला. चुडामणनं कोयत्याची मूठ त्याच्या तोंडावर हाणली. दात ओसरीवर पडला. मग कोणी आडवं आलं नाही.

पोलीस उसाभोवती फिरून गेले होते. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत दहा माणसं बसली तरी दिसू नयेत. चुडामण बांधावरून चालत होता आणि दिसेल त्या उसावर कोयता टाकत होता. तोंडात दुसरे शब्दच नव्हते, म्हणून स्तोत्र चालू होतं. तो अर्धी ओळ म्हणायचा, सवयीनं थांबायचा, मग उरलेली आपणच पुरी करायचा.

"त्याच्या उंबऱ्यावर गवत उगवो..."

"आणि त्याचं नाव कोणी न घेवो."

हे चुडामण बोलला नव्हता. त्याचा श्वास पुरा व्हायच्या आधीच उत्तर उसातून आलं होतं.

तो पाचट तुडवत आत घुसला. नवनीत चिखलात बसला होता. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"दादा, तोंडमाईन निंघी गयं..."

कोयता उतरला. नवनीतनं उजवा हात वर केला होता, तो मनगटापासून कातड्यावर लोंबला. रक्त चुडामणच्या डोळ्यांत उडालं. त्यानं दुसरा घाव मानेवर उगारला आणि पुढची अर्धी ओळ त्याच्या घशातून ओरडत आली. मग थांबायची जागा आली. अंगात मुरलेली सवय, तो थांबला.

नवनीतनं उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पुरा श्वास वाट पाहिली. मग दातांवर दात आपटत, आपल्याच अंगावरचा शाप त्यानं हळू आवाजात पुरा केला.

चुडामणला दया आली, असं कोणी समजू नये. त्याचा हात वरच राहिला, इतकंच. नंतर तो भोवतालचा ऊस तोडत सुटला. कोयत्याचं पातं मुठीतून निखळलं तेव्हा तो थांबला. डोक्याचा रुमाल सोडून त्यानं भावाच्या दंडाला करकचून बांधला आणि तो ललितला हाका मारू लागला.

पोलिसांना त्यानं जे केलं ते सगळं सांगितलं. तो जामिनावर सुटून आला आहे. नवनीतचा हात डॉक्टरांनी काढला. तो नंदुरबारच्या दवाखान्यात आहे, दाराशी पोलीस बसलेला असतो. परवा ललित त्याला बघून आला.

"एकदा ये म्हणस तो," पडलेल्या दाताच्या फटीतून ललित म्हणाला. "बोलू नको, पन ये म्हणस."

चुडामण अजून गेलेला नाही.