देवाची देणगी

"मूल ही देवाची देणगी! गर्भनिरोधाच्या नव्या कायद्याविरुद्ध सगळ्या आयांनी आज मोर्चाला जायलाच हवं," सांगलीच्या चर्चमध्ये फादर रॉकी कडाडले.

चार लेकरांची आई रेजिना फणकारली, "जातो की! पर तवर ही देणगी तुमी सांभाळा." तिनं तान्हं त्यांच्या हातात दिलं आणि बाकीची तिन्ही समोर उभी केली. मग काय, सगळ्याच बायकांनी आपापली पोरं आणून सोडली.

बाहेर पडल्यावर रेजिनानं सगळ्यांना घेऊन मोर्चाऐवजी कृष्णेचा घाट गाठला. पदर ओढायला कुणी नव्हतं. बायकांनी पोटभर भेळ खाल्ली.

संध्याकाळी फादर पायरीवर बसलेले दिसले. झग्यावर दूध सांडलेलं, अंगाखांद्यावर पोरं.

"फादर, आमी मोर्चाला गेलोच न्हाई," रेजिनानं सांगून टाकलं.

"कायद्याचं नंतर बघू," फादर कुजबुजले. "हळू बोल गं बाई, आत्ता कुठं झोपलीत."